असेंब्ली बदलू नका

"साहेब, कशाला डोक्याला ताप? अख्खी असेंब्लीच बदलून टाका की!"

हे वाक्य मी गेल्या आठ महिन्यांत 39 वेळा ऐकले आहे. कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला मोजण्याची खोड असते, तेव्हा आकड्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, विधानसभा बरखास्त करायची म्हणताहेत. आमच्या आष्टीत असले विषय चहाच्या टपरीवर रोज निकालात निघतात. पण बोलणाऱ्याचे बोट माझ्या राजदूत मोटारसायकलच्या तोंडाकडे होते. हँडलखालची टी, फोर्क, शॉकअप, चाक, ब्रेक असे जे जे म्हणून गाडीच्या पुढ्यात असते, ते सगळे एकगठ्ठा काढायचे. तिथे अलीकडच्या, कुठल्यातरी पुलाखाली कामी आलेल्या गाडीचा दोन नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क बसवायचा, डिस्क ब्रेकसकट. मग म्हणे गाडी 'मक्खन'.

हा लेख त्या 39 जणांच्या विरोधात आहे. त्यांतले 11 आमच्या बँकेचे ठेवीदार आहेत आणि एक खुद्द आमचे शाखाधिकारी आहेत, तरीही मी लिहितो आहे. यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे.

गाडी 1974 सालची. आमच्या तात्यांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची. बहात्तरच्या दुष्काळात गोठा रिकामा झाला होता. तो पुन्हा भरल्यावर तात्यांनी आधी ही राजदूत घेतली आणि मग काकूंच्या मोडलेल्या पाटल्या केल्या. हा क्रम काकूंनी त्यांना शेवटपर्यंत माफ केला नाही. वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करून तात्या ते कड्याला पोचवीत. मागे दोन्ही अंगांना दोन-दोन कॅन, एकेक कॅन 40 लिटरचा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते (तात्यांच्या दुधाबद्दल गिऱ्हाइकांचे मत याहून थोडे वेगळे होते). तेव्हा चार कॅनचे नुसते दूधच 160 किलोंच्या वर जाई. कॅन वेगळे, तात्या वेगळे. तात्या अंगाने काही कमी नव्हते.

आता ती गाडी माझ्याकडे आहे आणि मी तिच्यावर बँकेत जातो. मी आत येण्याच्या आधी चार मिनिटे तिचा आवाज शाखेत येतो. त्यामुळे सहकाऱ्यांना मोबाइल खिशात घालायला पुरेसा अवधी मिळतो, आणि कोणाची तक्रार नसते.

ज्यांनी राजदूत जवळून पाहिली नाही, त्यांच्यासाठी तिच्या फोर्कबद्दल दोन शब्द. पोलंडमधल्या क्येल्त्से या गावी एसएचएल एम 11 नावाची 175 सीसीची गाडी बनत असे. तिच्या परवान्यावर फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1960 च्या दशकात राजदूत काढली. धर्मेंद्रने तिची जाहिरात केली. पण खरी जाहिरात केली ती दूधवाल्यांनी, रोज पहाटे गावाला झोपेतून उठवून. पोलंडहून आलेला तिचा पुढचा फोर्क आजच्या गाड्यांसारखा नाही. आजच्या फोर्कच्या नळ्या दुर्बिणीसारख्या एकीत एक सरकतात. राजदूतचे दोन भक्कम पाय चाकाच्या मागल्या बाजूला उतरतात. त्यांच्या तळाशी बिजागरी असते. बिजागरीतून निघालेला हात पुढे येऊन चाकाचा एक्सल धरतो, आणि दोन्ही अंगांना दोन शॉकअप त्या हाताला वरून तोलून धरतात. थोडक्यात, मागच्या चाकाला जी व्यवस्था असते तीच फिरवून पुढे लावलेली. दिसायला सुंदर नाही, हे मान्य. लाजत लाजत पाटावर बसणाऱ्या नवरदेवासारखे तिचे गुडघे पुढे आलेले दिसतात.

पण हे गुडघे काय करतात, ते ब्रेक मारल्यावर कळते. टेलिस्कोपिक फोर्कची गाडी जोरात थांबवली की वजन पुढे येते, नळ्या दबतात आणि गाडी नाक खाली घालते. राजदूतच्या फोर्कमध्ये ब्रेकची प्लेट त्या पुढे आलेल्या हाताशी बांधलेली असते. चाक थांबताना ती हाताला खाली रेटते, आणि त्यामुळे गाडीचे नाक खाली जायच्या ऐवजी जागच्या जागी राहते, कधी कधी तर किंचित वर उठते. चार कॅन लादलेल्या गाडीपुढे अचानक शेळी आली तर गाडीने मान खाली घालावी की ताठ ठेवावी, हे शेळीला विचारू नका, दूधवाल्याला विचारा. शिवाय असा फोर्क आडवा वाकत-पिळत नाही. म्हणूनच साइडकारवाल्यांना त्याची आवड.

हे मी तात्यांच्या प्रेमापोटी सांगतो आहे असे कोणी म्हणेल. म्हणून साहेबाचीच साक्ष काढतो. आपल्याकडे साहेबाने म्हटल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने 1935 साली तेलाने दबणारा टेलिस्कोपिक फोर्क पहिल्यांदा विक्रीच्या गाडीवर आणला, म्हणजे या विद्येतली ती आजी. त्याच बीएमडब्ल्यूने 1955 साली तो बाजूला ठेवून अर्ल्स नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या पद्धतीचा, राजदूतच्या जातकुळीतला बिजागरीचा फोर्क घेतला आणि 1969 पर्यंत चालवला. 1969 नंतर ते पुन्हा नळ्यांकडे वळले, हेही सांगून टाकतो. कारण बिजागरीचा फोर्क जड असतो आणि वळायला आळशी असतो. पण आष्टीच्या बाजारपेठेत चपळपणे वळायला जागा आहे कुठे? तिथे गाडी वळत नाही, गर्दी वळते.

बरे, माझ्या गाडीला झाले तरी काय होते? बिजागरीतले बुश झिजले होते. 50 वर्षे चाललेल्या गाडीचे बुश झिजणारच, आमचे दात झिजले. त्यामुळे चाक आडवे हलायचे, खड्ड्यात 'टक्' वाजायचे आणि 40 च्या पुढे हँडल नाही-नाही म्हणायचे. दुसरे म्हणजे हँडलच्या कोनसेटला खड्डे पडले होते, त्यामुळे हँडल मध्यावर येऊन अडकायचे. तिसरे, एका शॉकअपमधून तेल गळत होते. असे तीन किरकोळ आजार. आणि त्यावर 39 वैद्यांचा एकमताने इलाज कोणता, तर मुंडके उडवून दुसरे बसवा!

माझा राग आहे तो इथे. फोर्क हे निमित्त आहे. 'असेंब्लीच बदला' हा आपल्याला जडलेला रोग आहे. नळाचा वायसर गेला की प्लंबर म्हणतो, नळच बदला. मिक्सरचा कपलर गेला की दुकानदार नव्या मिक्सरचा हप्ता सांगतो. छत्रीची एक काडी मोडली तर ती घेऊन बसणारा माणूसच बाजारातून नाहीसा झाला. आमच्या बँकेत सहीत फरक पडलेल्या म्हातारीला एका तरुण सहकाऱ्याने परवा सांगितले, "आजी, हे खाते बंद करू, नवीन उघडू." आजी म्हणाली, "बाळा, सही हलली, पैसं न्हाई हललं." मला त्या आजीच्या पाया पडावेसे वाटले. मधे काउंटरची काच होती म्हणून राहिले.

कोणता भाग बिघडला हे शोधायला अक्कल लागते, वेळ लागतो आणि हात काळे करावे लागतात. सगळेच बदलायला फक्त पैसे लागतात, आणि ते गिऱ्हाइकाचे असतात. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे आणि बिजागरीवर बोट ठेवून पाहावे, हलते काय ते बोटाला कळते. या परीक्षेला अर्धे मिनिट लागते. 39 जणांपैकी चाकाला हात लावणारे किती? दोन. त्यांतल्या एकाला हवा पाहायची होती.

आता जे 'मक्खन' म्हणून विकले जाते ते बसते कसे, तेही पाहू. नव्या फोर्कचा मधला दांडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो राजदूतच्या मानेत सरळ बसत नाही. कधी लांबीला कमी, कधी जाडीला निराळा. मग तो कापतात, जोडतात, वेल्डिंग मारतात आणि वरून काळा रंग देतात. गाडीचा आणि गाडीवरच्या माणसाचा सगळा भार ज्या दांड्यावर, तो दांडा रंगाच्या भरवशावर! वेल्डिंग करणाऱ्याला मी विचारले, "हे टिकेल ना?" तो म्हणाला, "साहेब, आजवर एकबी परत आला न्हाई." हे आश्वासन आहे की मृत्यूची बातमी, हे मला अजून उलगडलेले नाही.

दुसरी गोष्ट भूमितीची. मी कॉमर्सचा, पण एवढी भूमिती बँकेतल्या खुर्चीने मला शिकवली. चाकाची खुर्ची ओढली की तिची चाके आपोआप मागे वळतात, कारण चाक जमिनीला टेकते ती जागा, ते ज्या खिळ्याभोवती फिरते त्याच्या मागे असते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे तेच. हँडलच्या दांड्याची रेघ तशीच खाली वाढवली तर ती जमिनीला चाकाच्या थोडी पुढे टेकते. रेघ आणि चाक यांच्यातल्या या अंतराला ट्रेल म्हणतात. ते आहे म्हणून गाडी हात सैल सोडला तरी सरळ जाते. क्येल्त्सेच्या इंजिनिअरांनी ते अंतर त्यांच्या फोर्कसाठी हिशेबाने ठरवले होते. आता तिथे आखूड फोर्क आणि लहान चाक लावा. गाडीची मान खाली येते, रेघ उभी होते आणि ट्रेल घटतो. अशी गाडी बाजारात मोठी हलकी वाटते, 'एक चक्कर मारून बघा' म्हणणाऱ्याच्या गल्लीत तर फुलासारखी. पण नगर रस्त्यावर वेग घेतला की तेच हँडल जिवावर उठते. आणि सोबतीला डिस्क ब्रेक असतो, म्हणजे 1961 सालच्या आराखड्याच्या मानेला असा हिसका, जो तिने जन्मात खाल्लेला नाही.

आमच्यापासून तासा-दीड तासावर, नगरला (2024 पासून अहिल्यानगर), संरक्षण खात्याची व्हीआरडीई नावाची संस्था आहे. तिथे वाहनांच्या रीतसर चाचण्या होतात, खास रस्ते बांधलेले आहेत. आमच्याकडे फोर्कची चाचणी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात होते, आणि चाचणी घेणाऱ्याच्या मागे त्याचा पुतण्या बसलेला असतो.

"डिस्क चांगला थांबवतो की!" असे शाखाधिकारी म्हणतात. थांबवतो, त्यात वाद नाही. ज्याला डिस्क हवा त्याने नवी गाडी घ्यावी. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. तिची मान त्या ब्रेकसाठी घडवलेली असते. कर्ज आम्हीच देऊ. पण जुन्या गाडीचा ड्रम ब्रेक थांबवत नाही असे म्हणण्याआधी त्याचे लायनर शेवटचे कधी बदलले हे सांगावे. काही जणांना लायनर असतात हेच ठाऊक नसते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. निर्मात्याने जी गाडी बनवली, तिच्या मूळ वैशिष्ट्यांत मालकाने मनमानी बदल करू नये. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. त्याच वर्षी कायद्यातले कलम 182-अ बदलून नव्याने आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द बँकवाल्याने वाचावेत असेच आहेत. फोर्क एक, चाक दोन, ब्रेक तीन. फोर्क एवढा मोठा बदल आहे का, यावर वकील दोन वर्षे घालवतील. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेअर तेवढा वेळ घालवत नाही.

कायद्याचे नाव काढले की दुसऱ्या बाजूचे लोक खूष होतात. हे पुण्या-मुंबईचे अस्सलवादी. यांना नट तोच, रंग तोच, सीटच्या शिलाईचा दोराही तोच हवा असतो. 2021 च्या जुलैत केंद्राने 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये पडतात. माझी गाडी वयाने बसते. पण त्याच नियमात म्हटले आहे की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला तेवढी न्यावी. म्हणजे तात्यांची राजदूत दूध, उसाची वाढी आणि एकदा तर बाळंतीण घेऊन धावली, ती आता वर्षातून एकदा फुगे लावून उभी करायची, आणि टोपीवाल्या गृहस्थांनी तिच्या टाकीवर हात ठेवून फोटो काढायचा. नको! माझ्या बिजागरीत आज जो बुश आहे तो पोलंडच्या आराखड्यातला नाही, आष्टीत कातलेला आहे. अस्सलवाद्यांना त्याचे दुःख होत असेल तर माझा इलाज नाही. मापात आहे, मला पुरे.

हा बुश कातला तो आमच्या गावातल्या लेथवाल्या चाचांनी. लोक सांगत होते, राजदूतचे पार्ट आता मिळत नाहीत. चाचांनी जुना बुश हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, बुशातून माझ्याकडे दुर्बिणीसारखे पाहिले आणि म्हणाले, "मिलता नहीं तो क्या हुआ, बनता है." मग कॅलिपरने पिनेचे माप घेतले. पिन एका बाजूने अंडाकृती झाली होती, ती नवी केली. गनमेटलचा गोळा लेथला लावला. पाते टेकताच पिवळी वेटोळी सुटू लागली, जिलबी पडावी तशी. आतून तेलासाठी खाच पाडली. बुश शंभर वेळा काढून घालून पाहिला. मी "बसला की" म्हटले की ते म्हणत, "बसला नाय, अटकला." बसणे आणि अडकणे यांतला फरक ऐकून मला आमच्या खात्यातल्या कित्येक बढत्या आठवल्या.

चार बुश, दोन पिना, कोनसेट, शॉकअपचे सील, तेल आणि मजुरी मिळून खर्च आला 2,350 रुपये. असेंब्लीचा सर्वांत स्वस्त भाव होता 9,000. आता हँडल 40 ला थरथरत नाही, 50 ला थरथरत नाही. 60 ला मी थरथरतो, म्हणून पुढचे सांगता येत नाही. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवला होता. दुरुस्ती हा महसुली खर्च. 39 जणांचा सल्ला मानणे म्हणजे झाडलोटीचा खर्च वाचवायला वाडा पाडून नवा बांधणे.

पण चाचांच्या दुकानात गिऱ्हाइके कमी झालीत, हे मी डोळ्यांनी पाहतो. लेथचे हँडल फिरवायला त्यांचा मुलगा तयार नाही. तो नगरला एका शोरूममध्ये आहे. तिथे खोक्यातून असेंब्ली काढायची आणि चार बोल्ट आवळायचे. पगार चांगला, हात पांढरे. 23 सप्टेंबर 2022 ला न्यू आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली, 66 किलोमीटर. 2025 त ती बीडपर्यंत गेली. मुलाला सोय झाली. "गावात रेल्वे आली आणि तुम्ही अजून बुश कातत बसलात!" असे मला एका ठेवीदाराने ऐकवले. मी त्यांना विचारले, रेल्वेच्या डब्यालाही बेअरिंग असते, ते झिजले तर रेल्वे डबा बदलते की इंजिन, की रूळच उखडून टाकते? ते म्हणाले, "ते सरकारचं काम आहे." यावर मी त्यांना टोकन दिले.

ज्यांच्या गोठ्यात, माळवदावर, कडब्याखाली अशी एखादी राजदूत पडलेली असेल, त्यांच्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. चाचांकडे जाताना मोबाइलमधला फोटो दाखवू नये, ते बघत नाहीत. झिजलेला बुश आणि जुनी पिन दोन्ही घेऊन जावे, कारण माप एकाचे घेऊन भागत नाही. रॉकेलने धुऊन न्यावे. रविवारी आठवडी बाजार असतो, त्या दिवशी त्यांना ट्रॅक्टरवाल्यांमधून फुरसत नसते. दुपारी वीज जाते, तेव्हा सकाळी दहाच्या आत गाठावे. दहानंतर गेलात तर मी बँकेत असतो आणि वशिला लावायला कोणी नसते.